द्वारा

मराठीतला 'पत्ता' हा शब्द मोठा विलक्षण आहे. 'त्याचा पत्ता दे' असे आपण म्हणतो तेव्हा ती कागदावर उतरवून घेण्याची गोष्ट असते. 'त्याचा पत्ताच नाही' असे म्हणतो तेव्हा तोच शब्द माणसाच्या असण्याला पर्याय होऊन बसतो. कुणाचा थांगपत्ता लागत नाही, कुणाचा पत्ता कापला जातो, 'मला पत्ताच लागू दिला नाही' अशी कुणाची तक्रार असते. ठिकाण आणि अस्तित्व यांत फार फरक करावा असे आपल्या भाषेला वाटत नसावे. जो कुठे आहे ते सांगता येत नाही, तो नाही, इतका साधा हिशेब.

आमची पिढी पत्ता लिहायला शिकली ती शाळेत, पत्रलेखनाच्या गुणांसाठी. आधी नाव, मग मु. पो., मग ता., मग जि. लिहिणारा माणसापासून सुरुवात करून जिल्ह्यापर्यंत जाई आणि टपालखाते तोच मजकूर खालून वर वाचत जिल्ह्यापासून माणसापर्यंत येई. १५ ऑगस्ट १९७२ रोजी या मजकुराच्या शेवटी सहा आकडे आले. पिन कोडचा पहिला आकडा देशातला विभाग सांगतो. महाराष्ट्र आणि गोवा यांच्या वाट्याला ४ आला. ही पद्धत आखणारे केंद्रीय दळणवळण खात्यातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे कवी होते, असे वर्गात सांगितले की मुले चकित होतात. मला त्यात नवल वाटत नाही. ज्याचा हात गण-मात्रा मोजण्यात बसलेला आहे, त्याला सहा आकड्यांत देश बसवणे हे एका वृत्ताचेच काम वाटले असेल.

या पत्त्यांमधला एक शब्द मात्र मला तेव्हापासून अडखळवत आला आहे. तो शब्द 'द्वारा'. गावाकडून शहरात शिकायला आलेल्या मुलाचे पत्र घरमालकाच्या नावाने येई: अमुक, द्वारा श्री. तमुक. नव्या सुनेला आलेले पत्र सासऱ्यांच्या द्वारा येई. दार ज्याच्या नावावर, पत्र त्याच्यामार्फत. व्याकरणात आपण त्याला शब्दयोगी अव्यय म्हणून मोकळे होतो; पण मुळात ते संस्कृतातल्या 'द्वार्' या शब्दाच्या तृतीयेचे एकवचन आहे: दाराने, दारातून. ज्याचे स्वतःचे दार नाही त्याने दुसऱ्याच्या दारातून जगाला भेटावे, एवढी सगळी समाजरचना त्या दोन अक्षरांत मावलेली आहे.

पोस्टकार्डांबरोबर 'द्वारा'ही मागे पडला, असे मी समजून चालले होते. गेल्या पावसाळ्यात तो मला पुन्हा भेटला, तो माझ्याच घरातल्या संगणकात.

निमित्त अगदी क्षुल्लक होते. आमच्या घरी एक प्रिंटर आहे. तो तारेने कोणालाच जोडलेला नाही. घरातल्या वाय-फायवरून तो सगळ्यांचे ऐकतो. पावसाळ्यात वीज जाऊन आली की तो हमखास बेपत्ता होई. समोर दिवा लावून बसलेला दिसे, पण संगणकाच्या लेखी तो 'ऑफलाइन' असे. अंतर्गत परीक्षेच्या प्रश्नपत्रिका ऐन वेळी अडकू लागल्या तेव्हा आमच्या विभागाच्या एका माजी विद्यार्थ्याला फोन केला. मराठीत एम. ए. होऊन तो आता संगणक-दुरुस्तीचे दुकान चालवतो. तो म्हणाला, "मॅडम, आधी तुमच्या कॉम्प्युटरचा आयपी सांगा. घरातला हं, बाहेरचा नको."

घरातला आणि बाहेरचा! भाषेच्या शिक्षकाला असे दोन शब्द एका दमात ऐकवले की तो मूळ काम विसरतो. मी त्याला म्हटले, थोड्या वेळाने फोन करते. आधी ही काय भानगड आहे ते मला नीट पाहू दे.

पत्ता शोधण्याची कृती सोपी आहे. विंडोजच्या संगणकावर विंडोजची कळ दाबायची, रोमन लिपीत 'सीएमडी' ही तीन अक्षरे टंकायची आणि एंटर दाबायचे. एक काळी खिडकी उघडते. तिच्यात, पुन्हा रोमन लिपीतच, 'आयपीकॉन्फिग' हा एक शब्द लिहून एंटर दाबले की मजकुराचा झरा सुटतो. मॅकवर हेच सिस्टिम सेटिंग्जमध्ये वाय-फायच्या तपशिलात मिळते, लिनक्सवर 'आयपी ॲडर' या आज्ञेने मिळते. मोबाइलवर वाय-फायच्या यादीतल्या आपल्या जाळ्याच्या नावाशी गेले की दिसते. विंडोजचा मजकूर पाहून प्रथम दडपण येते, कारण संगणकाला जाळ्याशी जोडणारी जितकी साधने, तितके परिच्छेद त्यात असतात: तारेचा एक, बिनतारी एक, ब्लूटूथचा एक. पण बहुतेकांपुढे 'मीडिया डिसकनेक्टेड' असे लिहिलेले असते. ते परिच्छेद सोडून द्यावेत. जिथे ते शब्द नाहीत आणि आकडे आहेत, तो आपला परिच्छेद.

माझ्या परिच्छेदात कामाच्या ओळी तीन होत्या. 'आयपीव्ही४ ॲड्रेस' या शब्दांपुढे १९२.१६८.१.७; 'सबनेट मास्क'पुढे २५५.२५५.२५५.०, आणि 'डिफॉल्ट गेटवे'पुढे १९२.१६८.१.१. कवितेसारख्याच या ओळीही एकमेकींच्या आधाराने वाचायच्या असतात, हे थोड्या वेळाने कळले. मधली ओळ म्हणजे पहिलीचा अन्वय. जिथे २५५ आहे तिथला आकडा घराण्याचा, जिथे ० आहे तिथला व्यक्तीचा. म्हणजे १९२.१६८.१ हे आमच्या घरातल्या सगळ्या यंत्रांचे आडनाव झाले आणि ७ हे माझ्या संगणकाचे नाव. मुलीचा लॅपटॉप ५, माझा फोन ४, आईचा फोन ११. हजेरीपटावर असते तसे आडनाव आधी आणि नाव नंतर. एका आडनावाखाली शेवटच्या आकड्याला ० ते २५५ इतकी मुभा असते. पण ० म्हणजे अख्खे घर, आणि २५५ म्हणजे 'अहो, ऐका सगळे' अशी एकदम सगळ्यांना मारलेली हाक. उरलेल्या २५४ जागा घरातल्यांसाठी, आणि त्यांतलीच एक दाराला जाते. तिसरी ओळ त्या दाराची. गेटवे, म्हणजे द्वारच. घराबाहेर जाणारे प्रत्येक अक्षर ज्या राउटरमधून जाते त्याचा तो पत्ता.

मग मी शोधयंत्राला 'माझा आयपी पत्ता काय' असे विचारून पाहिले. त्याने निराळेच आकडे सांगितले. त्यांत १९२ नव्हते, १६८ नव्हते, ७ तर नव्हतेच. मुलीच्या लॅपटॉपवरून विचारले, तेच निराळे आकडे आले. माझ्या फोनवरून विचारले, तेच. घरात आम्ही सगळे वेगळे होतो. बाहेर आम्ही सगळे एक होतो. आणि दोन्ही उत्तरे खरी होती.

याचे कारण टंचाईत आहे. इंटरनेटच्या पत्त्याचा जो आराखडा सप्टेंबर १९८१ मध्ये नक्की झाला, त्यात एका पत्त्याला ३२ बिट दिले गेले. त्यातून ४ अब्ज २९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६ इतके पत्ते तयार होतात. त्या वेळी हा साठा अक्षय वाटला असणार. पुढे दशकभरातच तो पुरणार नाही हे दिसू लागले, आणि ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक साठ्यातले उरलेसुरले गठ्ठे पाच खंडीय संस्थांना वाटून तो रिकामाही झाला. मधल्या काळात जी युक्ती निघाली ती फेब्रुवारी १९९६ च्या एका दस्तऐवजात नोंदलेली आहे. त्याचा क्रमांक १९१८. इंटरनेटचे हे नियम ज्या मालिकेत निघतात तिचे नाव १९६९ पासून 'रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स' असे आहे. जगाचे व्यवहार चालवणारे नियम स्वतःला 'अभिप्रायासाठी विनंती' म्हणवतात, हा विनय आपल्या विद्यापीठीय परिपत्रकांनी कधीतरी शिकावा. असो. त्या दस्तऐवजाने आकड्यांचे तीन पट्टे बाजूला काढले: १० ने सुरू होणारे सगळे, १७२.१६ ते १७२.३१ मधले, आणि १९२.१६८ ने सुरू होणारे. हे पत्ते कोणीही, कोणालाही न विचारता, आपल्या चार भिंतींत वापरावेत. अट एकच. ते घराबाहेर चालणार नाहीत.

म्हणजे माझा १९२.१६८.१.७ शेजारच्या घरातही असू शकतो, समोरच्या इमारतीत असू शकतो, नागपुरात आणि न्यू जर्सीतही असू शकतो. तरी कोणाची कोणाशी गाठ पडत नाही. प्रथम हे अशक्य वाटते. पण भाषेत आपण हे रोज करतो. 'आई', 'दादा', 'वहिनी', 'काकू' हे पत्ते घराघरांत आहेत आणि एकाही घरात गोंधळ होत नाही. कुणाच्या तोंडून आणि कुठल्या उंबऱ्याच्या आत हाक आली हे कळले की त्यांचा अर्थ पुरा होतो. उंबऱ्याबाहेर तो उरत नाही. गर्दीत हरवलेले मूल आपल्या आईचे नाव 'आई' असेच सांगते. मूल खोटे बोलत नसते. ते आपला घरातला पत्ता सांगत असते.

बाहेर जाताना काय घडते, ते तर मराठीच्या शिक्षकाने मुद्दाम पाहावे असे आहे, कारण त्या क्रियेचे नावच भाषांतर आहे: 'नेटवर्क ॲड्रेस ट्रान्सलेशन'. मे १९९४ मध्ये ही कल्पना अशाच एका दस्तऐवजातून मांडली गेली. माझ्या संगणकातून निघालेल्या प्रत्येक पुडक्यावर पाठवणाऱ्याचा पत्ता म्हणून १९२.१६८.१.७ असे लिहिलेले असते. दारात राउटर ते वाचतो, खोडतो आणि त्या जागी स्वतःचा, बाहेर चालणारा पत्ता लिहितो. कोणाचे काय खोडले याची नोंद तो आपल्या वहीत, एका क्रमांकाच्या आधाराने ठेवतो. उत्तर आले की वही उघडतो, आपला पत्ता खोडतो आणि माझा पुन्हा लिहून आत पाठवतो. मूळ लेखकाचे नाव काढून अनुवादकाने आपले घातले, तर साहित्यव्यवहारात त्याला चौर्य म्हणतात. इथे तोच शिष्टाचार आहे.

हाच माझा जुना 'द्वारा'. बोलणे आतल्या माणसाने सुरू केले तर उत्तर त्याच्यापर्यंत पोहोचते. बाहेरच्या माणसाला आपणहून १९२.१६८.१.७ ला हाक मारता येत नाही. दाराने मुद्दाम तशी तजवीज करून ठेवली असेल तरच ती आत येते. अलीकडे बऱ्याच ठिकाणी ही रचना दुहेरी झाली आहे. सेवा देणारी कंपनीच अनेक घरांना मिळून एक बाहेरचा पत्ता देते, आणि त्यासाठी एप्रिल २०१२ मध्ये १००.६४ ते १००.१२७ असा आणखी एक पट्टा राखून ठेवला गेला. पुण्या-नाशकातल्या जुन्या वाड्यांतून ज्यांचे बालपण गेले त्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही. खोलीला दार असते, वाड्याला दिंडी दरवाजा असतो, आणि जगाला ठाऊक असते ते वाड्याच्या मालकाचे नाव.

पण हा घरातला आकडा मुळात यंत्राला मिळतो कसा? नवे यंत्र घरात येते तेव्हा त्याला पत्ता नसतो. पत्ता नसताना पत्ता मागायचा कसा, हा पेच आहे. ते यंत्र पाठवणाऱ्याच्या जागी ०.०.०.० असे लिहिते आणि घेणाऱ्याच्या जागी २५५.२५५.२५५.२५५, म्हणजे सगळेच. 'मी कोणी नाही, जो कोणी ऐकत असेल त्याने मला जागा द्यावी', असा त्या हाकेचा अर्थ. नवजात मुलाचे पहिले रडणे याहून वेगळे काय असते? राउटर म्हणतो, ही जागा रिकामी आहे. यंत्र म्हणते, मग हीच द्यावी. राउटर म्हणतो, दिली. चार वाक्यांत नामकरण होते. मात्र ते कायमचे नसते. 'आयपीकॉन्फिग' या शब्दापुढे एक जागा सोडून तिरपी रेघ आणि 'ऑल' असे लिहिले की अधिक मजकूर दिसतो, आणि त्यात 'लीज ऑब्टेन्ड' व 'लीज एक्स्पायर्स' अशा दोन ओळी असतात. करार केव्हा झाला आणि केव्हा संपेल. भाड्याच्या घरात राहिलेल्याला अकरा महिन्यांचा करार ठाऊक असतो. इथे तो कित्येकदा एका दिवसाचा असतो. निम्मी मुदत सरली की यंत्र गुपचूप मुदतवाढ मागते, आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. वीज जाऊन राउटर नव्याने जागा झाला की मात्र जुनी वही पुसली गेलेली असू शकते. मग जागा पुन्हा वाटल्या जातात. काल ९ वर असलेला प्रिंटर आज ६ वर जातो, आणि संगणक ९ च्या दारावर थापा मारत राहतो.

त्याच अधिकच्या मजकुरात आणखी एक ओळ होती: 'फिजिकल ॲड्रेस'. दोन-दोन अक्षरांच्या सहा जोड्या. ० ते ९ हे आकडे आणि रोमन ए ते एफ ही अक्षरे यांची मिसळ. पहिल्या तीन जोड्या कोणी बनवले ते सांगतात, पुढच्या तीन त्या एका वस्तूच्या. हे नाव घर देत नाही. ते यंत्र घरी येण्याआधी, कारखान्यातच त्याच्यात कोरलेले असते. राउटर घरातला आकडा देतो तो या नावाकडे पाहून. पण हे मूळचे नाव राउटरच्या पलीकडे जात नाही. उंबऱ्यापर्यंतच त्याचा प्रवास.

ही ओळ वाचून मी थांबले, त्याचे कारण संगणकाशी संबंधित नव्हते.

माझ्या आईचे लग्न १९७४ साली झाले. तबकात तांदूळ पसरून त्यांत अंगठीने तिचे नवे नाव लिहिले गेले. तांदूळ त्याच दिवशी कुठल्या तरी डब्यात गेले असतील, नाव राहिले. सातवीपर्यंतच्या शाळेच्या दाखल्यावर तिचे एक तीन अक्षरी नाव आहे, पुढे वडिलांचे नाव आणि माहेरचे आडनाव. शिधापत्रिकेवर, मतदारयादीत आणि बँकेच्या पासबुकावर जे नाव आहे त्यातले एकही अक्षर त्या दाखल्यात नाही. २०१६ साली माझे वडील गेले आणि कुटुंब निवृत्तिवेतनाच्या कामासाठी तिच्या जन्मतारखेचा पुरावा लागला. पुरावा एका नावाचा, अर्ज दुसऱ्या नावाचा. खिडकीपलीकडच्या गृहस्थांनी दाखला उलटसुलट करून विचारले, "बाई, ही कोण?" आई म्हणाली, "ती मीच. आधीची."

त्यांचा दोष नव्हता. त्यांच्या वहीत दोन्ही नावांना जोडणारी नोंद नव्हती, इतकेच. मग शंभर रुपयांच्या मुद्रांकावर प्रतिज्ञापत्र झाले: ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत. मधे 'उर्फ' हा शब्द होता. भाषेत असे शब्द आहेत म्हणून माणसे तरतात. प्रतिज्ञापत्रासाठी दोन्ही नावांच्या सह्या हव्या होत्या. सासरच्या नावाची सही तिने नेहमीच्या घाईत केली. माहेरचे नाव लिहिताना ती थांबली, आणि सातवीतल्या मुलीच्या अक्षरात, वळणदार, प्रत्येक काना सरळ ओढून तिने ते लिहिले. तिला त्या नावाने हाक मारणारा शेवटचा माणूस, तिचा थोरला भाऊ, त्याच्या दोन वर्षे आधी वारला होता. नाव होते, ते उच्चारणारे घर उरले नव्हते.

माझे पहिले नाव लग्नात बदलले नाही. मधले आणि शेवटचे बदलले. एम. ए.ची पदवी एका नावाने, पगारपत्रक दुसऱ्या नावाने. कायद्याने तसे कोणतेही बंधन नव्हते. ते रीतीने झाले, आणि रीतीला कारण विचारण्याइतकी सवड मला तेव्हा नव्हती. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात वडिलांच्या नावाआधी आईचे नाव लावणे महाराष्ट्र शासनाने बंधनकारक केले. ते आईचे नाव कोणते, हे मात्र ज्या त्या घरानेच ठरवायचे आहे.

उपमा फार ताणू नये हे मी वर्गात शिकवते. यंत्राला नाव बदलल्याचे दुःख नसते. तरी या मजकुरातले आणखी दोन आकडे सांगितल्याशिवाय राहवत नाही. कधी कधी आयपीव्ही४ च्या पुढे १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसतो. त्याचा व्यावहारिक अर्थ असा की संगणकाने हाक मारली, पण घराने उत्तर दिले नाही. तेव्हा त्याने स्वतःच स्वतःला एक आकडा देऊन टाकला. असा आकडा दिसला तर दोष संगणकात शोधण्याआधी दाराकडे पाहावे. दुसरा आकडा १२७.०.०.१. हा प्रत्येक यंत्रात असतो, जाळे असो वा नसो. तो स्वतःचा स्वतःकडचा पत्ता. त्यावर पाठवलेले काहीही बाहेर जात नाही, आपल्याकडेच परत येते. कोणताही राउटर तो देत नाही आणि कोणताही काढूनही घेत नाही. कवितेचे पहिले वाचन बहुधा याच पत्त्यावर होत असावे.

टंचाईवरचा खरा उपाय डिसेंबर १९९८ मध्येच नियमबद्ध झाला आहे. आयपीव्ही६ मध्ये एका पत्त्याला १२८ बिट आहेत, आणि त्यामुळे घरातल्या प्रत्येक यंत्राला जगात चालणारा स्वतंत्र पत्ता मिळू शकतो. भारतातल्या मोबाइल जाळ्यांवर तो मोठ्या प्रमाणात वापरात आहे. म्हणजे 'द्वारा' संपला? मला क्षणभर आनंद झाला. पण पुढे वाचले तर याच पद्धतीत जानेवारी २००१ पासून तात्पुरत्या, बदलत्या पत्त्यांचीही सोय करावी लागली आहे. कारण एकच पत्ता घेऊन जगभर फिरणाऱ्याच्या पावलांचा माग काढणे सोपे जाते. फोनही आता वेगवेगळ्या जाळ्यांना आपले कोरलेले नाव न सांगता एक बनावट नाव सांगतात. अँड्रॉइडमध्ये ही सोय २०१९ पासून, आयफोनमध्ये २०२० पासून आली. दार काढून टाकल्यावर यंत्रांना पडद्याची आठवण झाली.

तेव्हा झाकले जाणे सर्वस्वी वाईट, असे म्हणता येत नाही. माणिक गोडघाटे यांनी 'ग्रेस' हे नाव घेतले, चिं. त्र्यं. खानोलकर 'आरती प्रभू' झाले, आणि वि. वा. शिरवाडकरांना आपण 'कुसुमाग्रज' म्हणूनच ओळखतो. त्या नावांनी कोणाचे काही पुसले गेले नाही. उलट, एक जागा निर्माण झाली. आईच्या नावाचे तसे झाले नाही. दोन्हीकडे नावच बदलले. पण एकाने ते स्वतः निवडले, आणि दुसरीसाठी कोणीतरी तांदळात लिहिले. 'द्वारा' टोचतो तो दार असते म्हणून नव्हे. त्या दाराशी आपण कोणत्या नावाने उभे राहायचे, हे आपल्याला कोणी विचारलेले नसते म्हणून.

प्रिंटरचा प्रश्न सुटला. माझ्या त्या विद्यार्थ्याने सांगितल्याप्रमाणे ब्राउझरमध्ये गेटवेचा पत्ता, १९२.१६८.१.१, टंकला. राउटरचे अंतरंग उघडले, कारण दाराचाही एक आतला चेहरा असतो. त्यात 'ॲड्रेस रिझर्व्हेशन' नावाची सोय सापडली. डावीकडे यंत्राचे कोरलेले नाव, उजवीकडे त्याच्यासाठी राखलेला आकडा. एकदा ही नोंद केली की वीज कितीही वेळा जावो, करार कितीही वेळा संपो, ते यंत्र परत आले की घर त्याचे मूळचे नाव पाहून त्याला त्याचीच जागा देते. प्रिंटर ९ वर कायम झाला. प्रत्येक यंत्रापुढे आपल्याला ओळखू येईल असे नाव लिहायलाही एक रकाना होता. तिथे काय लिहायचे याचा कोणताच नियम नव्हता. आईच्या फोनपुढे मी तिचे तीन अक्षरी नाव लिहिले. बाहेरच्या जगाला ते दिसणार नाही. ते या घरापुरते आहे.

इतक्या साध्या यंत्राला जे जमते, ते घरांना जमायला हरकत नसावी. नवी जागा द्यावी. पण ती देताना आलेल्याचे मूळचे नाव वाचावे, ते पुसू नये, आणि त्याच नावावर ती जागा राखून ठेवावी. मग 'द्वारा' हा शब्द राहिला तरी चालेल. ज्या दाराला आपले नाव ठाऊक आहे, त्या दारातून जाण्यात कमीपणा नाही.